माझं मी बघते

४ सप्टेंबर

आत्या,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पोचतात, पण उघडले जात नाहीत. म्हणजे फोन चालू आहे, चार्ज आहे आणि तुझ्या हाताशी आहे. फक्त तू रागावलेली आहेस. हा निष्कर्ष मी पुराव्यावरून काढला आहे (मोजपट्टी हे नाव तू मला उगीच ठेवलेलं नाहीस), बाबांना विचारून नव्हे. बाबांच्या मते तुझ्याकडे नेटवर्क नसेल.

कागदावर लिहिते आहे, कारण आलेलं पाकीट न फोडता ठेवणं तुला जमत नाही. विजेचं बिलसुद्धा तू दारात उभ्या उभ्या फोडतेस.

काम ऑफिसचं आहे. तू आवाज दिलेल्या बाईचा जीव धोक्यात आहे. तळघरात नव्हे, मीटिंगमध्ये.

आमच्या ऑफिसात बनतो तो व्हिडिओ-खेळ कसा आहे ते तुला मी जेवताना सांगितलं होतं, पण तेव्हा तुझं लक्ष माझ्या ताटाकडे होतं, म्हणून पुन्हा सांगते. बर्फात बंद पडलेल्या रोपवेच्या स्टेशनवर पाच माणसं अडकतात. त्यांच्या मागे काहीतरी लागलेलं आहे. खेळणारा त्यांच्या वतीने निवडी करतो: दार उघडायचं की नाही, खरं सांगायचं की थाप मारायची, कोणाचा हात धरायचा. कोण जगेल आणि कोण मरेल ते त्यावर ठरतं. पाचही जण वाचू शकतात आणि पाचही मरू शकतात. कोण मेलं हे खेळाने पुढे विसरू नये, एवढं बघणं माझं काम. गेल्या महिन्यात मेलेला डॉक्टर पुढच्या प्रसंगात खोकला, तेव्हा अख्खी दुपार त्याचा खोकला शोधण्यात गेली. ऑफिसात आम्हाला या बोलण्याचं काही वाटत नाही. परवा लिफ्टमध्ये साउंडवाल्याने मला विचारलं, "आज म्हातारीला किती वेळा मारलंस?" वरच्या विमा कंपनीतली बाई पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेली.

म्हातारी म्हणजे तू. म्हणजे स्टेशनची चौकी सांभाळणारी बाई. अडचण अशी की खेळ तपासायला आम्ही बाहेरून लोक बोलावतो आणि ते जवळजवळ सगळे तिला मरू देतात. ती वाचली तर पुढे तिचे आणखी प्रसंग आहेत, त्यांवर अजून बरंच काम उरलं आहे. आमच्या प्रमुखबाई म्हणाल्या, जिला कोणी वाचवतच नाही, तिच्या जगण्यावर मी माणसं कशाला बसवू? ऑक्टोबर संपेपर्यंत फरक पडला नाही तर तिच्या वाचण्याची वाट बंद करायची असं ठरलं आहे. मग कोणी काहीही निवडलं तरी ती तळघरातच मरेल.

मला ते नको आहे. कारण तांत्रिक आहे.

आता त्या रविवारबद्दल. तुझा राग खोटा नाही, फक्त क्रम नीट लावते. दुपारी बाबा कंट्रोलर घेऊन बसले होते आणि तू शेजारी, सोफ्यावर पाय घेऊन. दुरुस्तीला आलेला तरुण मेकॅनिक बाबांच्या ताब्यात होता. तळघरात पाणी भरत होतं, बाई पडलेल्या तुळईखाली अडकली होती, लोखंडी दार खाली येत होतं. पडद्यावर दोन पर्याय आले: 'तिला ओढ' आणि 'दाराकडे पळ'. बाबांनी पळायचं बटण दाबलं. नंतरची किंकाळी तुझीच होती, आणि ती तू फार चांगली दिलेली आहेस. तू आत जाऊन बॅग भरलीस. दारातून वळून त्यांना म्हणालीस, "ठोंब्या, निदान विचार केल्यासारखं तरी करायचंस." टॅक्सी वळेपर्यंत त्यांना ती थट्टा वाटत होती.

त्यांनी तुला एकदा फोन लावला होता. तू कापलास. पुन्हा लावण्याची त्यांची छाती नाही.

ते ठीक आहेत. काल एका गिऱ्हाइकाची वरची कवळी दुसऱ्याच्याच खालच्या कवळीला जुळवत बसले होते आणि जुळेना म्हणून मेणाला शिव्या देत होते. बाकी ठीक आहेत.

मोजपट्टी


१५ सप्टेंबर

आत्या,

माझंच पत्र मला परत आलं. तू पेन्सिलीने दोन वाक्यं खोडली आहेस, एकाखाली 'लांबण' असं लिहिलं आहेस आणि तळाशी शेरा मारला आहेस: 'मेलेल्या बाईकडून उत्तराची अपेक्षा करू नये.'

मेलेली बाई पुढच्या प्रसंगात बोलते आहे, ही चूक मी नोंदवून ठेवली आहे. दुरुस्त करणार नाही.

मी बाबांना विचारलं. त्यांची कामाची वेळ मुद्दाम निवडली, कारण हात रिकामे असले की ते विषय बदलतात. एका कवळीची कड घासत होते. मी म्हटलं, तुम्ही तिला का सोडलंत?

"ती म्हणाली ना, जा म्हणून."

मी म्हटलं, बाबा, तो खेळ होता.

"खेळात काय आणि एरवी काय. ताईला कधी कोणी वाचवावं लागलंय का? मला वाटलं, मी दारापलीकडे गेलो की ही येईल मागून आणि म्हणेल, चल, पाय उचल."

मग घासायचं यंत्र बंद करून त्यांनी मला विचारलं, "खरंच मरते का ती?"

मी हो म्हटलं. त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं नाही. कवळी हातात धरून तिच्याकडे बघत बसले. ज्या माणसाची ती कवळी आहे, त्याला दुसऱ्या दिवशी द्यायची होती. त्याला अजून एक दिवस पातळ खाऊन राहावं लागलं.

तुला खूश करायला हे लिहीत नाही. मला यात एक तांत्रिक मुद्दा दिसला. लिखित संवादात त्या जागी बाईचं वाक्य 'मला ओढ' एवढंच होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी तू ते म्हणायला नकार दिलास. ही बाई इतकी वर्षं एकटी त्या डोंगरावर राहते, ती असली रडगाणी गाणार नाही, असं तू काचेपलीकडे सगळ्यांना ऐकवलंस आणि मनाचं वाक्य टाकलंस: 'तू जा. माझं मी बघते.' साउंडवाल्याने अंगठा वर केला. मलाही आवडलं होतं. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण त्यावर मी तेव्हा विचार केला नाही.

या आठवड्यात मी खेळणाऱ्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले. कॉलेजातला एक मुलगा तिला सोडून पळाला. का, विचारलं तर म्हणाला, आजी कडक आहे, ती काढेल काहीतरी मार्ग. हिशेब शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, एवढं ठाम सांगते आहे तर माणसाने ऐकावं. यांतलं कोणी दुष्ट नाही. हिशेबवाल्या बाई तर नंतर खेळातल्या एका कुत्र्याला वाचवायला बर्फात परत गेल्या आणि स्वतः मेल्या. लोक तुला सोडून जातात, कारण त्यांचा तुझ्यावर विश्वास बसतो. रेडिओवर इतकी वर्षं नाटकं केलीस, तुझा आवाज खोटा वाटतच नाही.

तेव्हा विनंती एकाच वाक्याची आहे. तिथे 'तू जा' काढून हे घालायचं: 'थांब. मला सोडून जाऊ नकोस.' इथे यायची गरज नाही. कपड्यांच्या कपाटात तोंड घालून फोनवर रेकॉर्ड कर. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. फोन चार्ज केलेला आहे हे मला माहीत आहे.

मोजपट्टी


२७ सप्टेंबर

आत्या,

तुझी तिन्ही रेकॉर्डिंग मिळाली. साउंडवाल्याबरोबर बसून ऐकली. त्याचं मत जसंच्या तसं देते.

पहिल्यात तू बस थांबवते आहेस. दुसऱ्यात घरमालकीण भाडेकरूला थांबवते आहे, भाडं बाकी आहे. तिसऱ्यात तू रडली आहेस, आणि इतकं सुरेख रडली आहेस की त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, हे वापरता येणार नाही. हे रेडिओवरचं रडणं आहे. ऐकणारा रडेल, पण हात पुढे करणार नाही.

तिसऱ्याच्या शेवटी तू बटण बंद करायला विसरलीस. त्यात कपाटाचं दार वाजतं आणि तू स्वतःशी म्हणतेस, "मेलं, बोलतं का कोणी असं?" साउंडवाला म्हणाला, तिन्ही मिळून खरं वाक्य हे एकच आहे.

सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस की हे वाक्य जन्मात कोणाला म्हटलं नाही, सराव नसताना कसं जमावं. मला पटलं. चूक माझ्या मागणीत होती. आंधळ्या माणसाने चष्मा लावून बघावं, अशी ती मागणी होती.

आंधळ्यावरून आठवलं. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन. तू आम्हाला न सांगता बसने गेलीस, ऑपरेशन करून बसने परत आलीस आणि मग फोनवर हवापाण्याच्या गप्पांत मध्येच सांगून टाकलंस. बाबा म्हणाले, बघ, ताईचं हे असं. कौतुकाने म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले, तर तू दारातच म्हणालीस, कशाला आलीस, माझं सगळं नीट चाललंय. तुझ्या हातात थेंबांची बाटली होती आणि गालावर औषधाचे ओघळ होते. थेंब डोळा सोडून सगळीकडे पडत होते. मी बाटली घ्यायला गेले, तेव्हा तू माझ्या हातावर चापट मारलीस. चहा झाल्यावर म्हणालीस, जा आता, बस चुकेल. थोड्या वेळाने पुन्हा म्हणालीस. मी काहीच बोलले नाही. काय बोलायचं ते मला कळत नव्हतं आणि न कळता बोलायची मला सवय नाही. तुझ्या खिडकीतल्या झाडाकडे बघत बसले. बस गेल्याचा आवाज आपण दोघींनी ऐकला. त्यानंतर तू बाटली माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालीस, आता राहिलीच आहेस तर घाल थेंब.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. काल ऑफिसात बसून फक्त त्याचा आराखडा काढला.

आराखडा असा. तुझं वाक्य बदलायचं नाही. 'तू जा. माझं मी बघते' हेच राहील. कोणी पळालं तर ती मरेल, जशी आत्ता मरते. कोणी ओढायला गेलं तर ती त्याच्या हातावर फटका मारेल आणि जा म्हणेल. (असली वाक्यं तुझ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मुबलक आहेत, नवी नकोत.) पण कोणी काहीच केलं नाही, कुठलंच बटण न दाबता तिथेच थांबलं, तर थोड्या वेळाने ती बोलेल.

प्रमुखबाईंचा आक्षेप योग्य होता. सबंध खेळात आम्ही शिकवलं आहे की जो निवडत नाही तो मरतो. भीतीची सगळी मदार त्यावर आहे. इथे उलटा नियम आहे हे खेळणाऱ्याला कळणार कसं? मी म्हटलं, कळणार नाही. जो थांबेल त्यालाच कळेल. त्या म्हणाल्या, "हे तुझ्या घरचं काहीतरी आहे ना गं?" मी म्हटलं, टायमरचा प्रश्न आहे.

त्यांनी एक संधी दिली आहे. आता ती बाई काय बोलेल ते मला लिहिता येणार नाही. ते तुला येतं. माणूस जा सांगूनही गेला नाही, पाणी गळ्याशी आलं आहे. तू काय म्हणशील ते म्हण. रडायचं नाही.

मोजपट्टी


११ ऑक्टोबर

आत्या,

वाक्य मिळालं. साउंडवाल्याने एकदाच ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. आधीचा तुझा श्वास तो साफ करणार होता, पण केला नाही. तुझ्या शेजाऱ्यांच्या दाराचा आवाज मात्र काढला.

पहिले दोन दिवस काहीच उपयोग झाला नाही. लोक आले, पळाले, तू मेलीस. तिसऱ्या दिवशी सुट्टीवर असलेली एक नर्स आली. तिने ओढून पाहिलं, फटका खाल्ला आणि मग हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली. नंतर मी विचारलं, पळाला का नाहीत? ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांचं पहिलं 'नको' धरायचं नसतं. दुसरंही नाही." तिच्यानंतर आणखी काही जण थांबले. एक तर नुसता घाबरून थिजला होता, पण खेळाला कारण विचारता येत नाही, तो फक्त थांबणं मोजतो. थांबलेल्यांतल्या प्रत्येकाने नंतर शेजारच्या खोलीत जाऊन ही गोष्ट दुसऱ्याला सांगितली, आणि ते प्रमुखबाईंनी दारातून ऐकलं. तिची वाट बंद होणार नाही. त्यांनी आज तसं सांगितलं आणि जाता जाता म्हणाल्या, तुझ्या आत्याबाईंना माझा नमस्कार कळव. मी कळवते आहे.

तर चौकीवाली बाई वाचली. ऑफिसचं काम संपलं. यापुढे मी तुला लिहावं असं कारण उरलेलं नाही.

बाबांनी विचारलं, ताईचं काही पत्रबित्र? मी म्हटलं, कामाचं असतं. ते म्हणाले, कामाचं का होईना.

मोजपट्टी


२० ऑक्टोबर

आत्या,

कारण नसताना लिहिते आहे.

आज दुपारी मी बदललेला खेळ घरी आणला. बाबा म्हणाले, मला नको, एकदा मारलं तेवढं पुरे झालं. मी म्हटलं, तपासायला माणूस हवा आहे. तेव्हा चष्मा पुसून बसले. काय बदललं आहे ते मी सांगितलं नाही. तपासणीत सांगायचं नसतं.

अंगठे त्यांचे आता सरावले आहेत. तळघर आलं तसे ते सोफ्याच्या कडेला सरकले. पाणी भरलं, दार खाली यायला लागलं, तू म्हणालीस, तू जा, माझं मी बघते. बाबांनी क्षणाचाही वेळ न घालवता ओढायचं बटण दाबलं. तू त्यांच्या हातावर फटका मारलास. पुन्हा दाबलं. पुन्हा मारलास आणि म्हणालीस, जा म्हटलं ना.

तेव्हा त्यांनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि पडद्याशी भांडायला लागले. मी शक्य तेवढं जसंच्या तसं देते.

"नेहमीचंच तुझं. डोळा कापून घेतलास एकटीने. घर बदललंस एकटीने, पेट्या कोणी उचलल्या देव जाणे. हिची आई गेली तेव्हा इथे येऊन वर्षभर राबलीस, आणि मी थांब म्हणायच्या आत निघालीस. मी विचारायला गेलो की फटका. आणि वर पुन्हा भावाने सोडलं म्हणून बॅग भरायची. मी जात नाही जा. बघू काय करतेस ते."

हाताची घडी घालून बसले. त्यांना वाटत होतं, आता सगळेच मरणार. पाणी वर आलं. दार जवळजवळ टेकलं. मी टायमरकडे बघत नव्हते. एरवी मी बघते.

मग तू म्हणालीस, "अजून इथेच का तू? … बरं. थांबलाच आहेस तर दे हात."

बाबा उठून उभे राहिले. कंट्रोलर कुठे ठेवला तेच त्यांना सापडेना. तो त्यांच्यासमोर होता. तो उचलला, उलटा धरला, सुलटा केला.

"हात दे म्हणते आहे गं. कुठलं बटण?"

"कुठलंही," मी म्हटलं.

हे मी त्यांना धीर द्यायला सांगितलं नाही. त्या जागी खरोखरच कुठलंही बटण चालतं. मीच तसं लिहिलं आहे.

तुला बाहेर काढल्यावर ते पुढे खेळले नाहीत. बाकीचे चौघे अजून बर्फातच आहेत. बाबा आत गेले, हात धुऊन आले आणि मला विचारलं, तिच्याकडे जायला सकाळची बस बरी की दुपारची. वर पुस्ती जोडली की तुझ्या नळाचा वायसर गेला असेल, बरेच दिवस बघायचा राहिला आहे. तुझा नळ गळतो आहे की नाही हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही.

शनिवारी सकाळच्या बसने ते येत आहेत. दारात तू काय म्हणशील ते आम्हा दोघांनाही पाठ आहे, तेव्हा ते म्हणायला हरकत नाही.

तिकीट मी काढून दिलं आहे. परतीचं काढायचं राहिलं. अशा गोष्टी माझ्याकडून सहसा राहत नाहीत, हे तुला माहीत आहे.

मोजपट्टी